नीमच ते परळ: एका गोळीचा लांबलेला प्रवास

दिवाळीत अनारशाला लावतात ती खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. मटणाच्या वाटणात जाते तीही हीच. बियांतून नशा होत नाही. पण त्याच झाडाच्या हिरव्या बोंडाला चिरा दिला की पांढरा चीक पाझरतो, हवेत तपकिरी होतो आणि घट्ट होतो. ती अफू. अफूतून मॉर्फिन काढतात. आणि कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनइतकं भरवशाचं आणि स्वस्त औषध फारच थोडं आहे.

हे झाड आपल्याकडे सरकारी परवान्याने पिकतं. मध्य प्रदेशातला नीमच-मंदसौर भाग, शेजारचा राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले काही भाग ही त्याची ठिकाणं. केंद्र सरकारचं नार्कोटिक्स खातं शेतकऱ्याला परवाना देतं, क्षेत्र मोजतं आणि सगळा चीक विकत घेतं. पुढचं काम नीमच आणि गाझीपूर इथल्या सरकारी कारखान्यांत होतं. चिकाच्या रूपातली अफू निर्यातीसाठी कायदेशीररीत्या पिकवणारा भारत हा जगातला एकमेव देश आहे. अमेरिकेचा तर १९८१ पासून नियमच आहे: वेदनाशामकांसाठी लागणाऱ्या या कच्च्या मालातला किमान ८० टक्के माल भारत आणि तुर्कस्तान या दोन देशांतून घ्यायचा.

म्हणजे नीमचच्या शेतातल्या चिकाने अमेरिकेतल्या पेशंटचं दुखणं कमी होत होतं. त्याच काळात भारतातला कॅन्सरचा पेशंट मात्र रात्रभर तळमळत पडलेला असे. १९९७ साली या एवढ्या मोठ्या देशात वर्षभरात वापरलं गेलेलं मॉर्फिन होतं फक्त १८ किलो.

हे कसं झालं, आणि कुणी बदलायला घेतलं, त्याची ही गोष्ट.

भीती काही उगाच नव्हती

आधी एक मान्य करू. अफूबद्दल आपल्या आजी-आजोबांना वाटणारी भीती खोटी नव्हती.

एकोणिसाव्या शतकात माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. मुंबईच्या कितीतरी श्रीमंतीच्या मुळाशी हा व्यापार आहे. भायखळ्याचं जे. जे. हॉस्पिटल ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं, त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांनी कापसाबरोबर अफूच्या व्यापारातही पैसा कमावला होता. चीनमध्ये या अफूने पिढ्या पोखरल्या.

ती घरातही होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या बाळाला अफूची बाळगोळी देत. बाळ दिवसभर झोपून राही आणि आईला पाळी भरता येई. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण बाळाला ठेवायला दुसरी जागाच नव्हती. पण अशक्त, सुस्त बाळं पाहिलेल्या समाजाच्या मनात अफू म्हणजे विष, हे पक्कं बसलं.

हिंदी सिनेमाने आणि बातम्यांनी पुढे त्यात ब्राउन शुगरची भर घातली. १९८०च्या दशकात मुंबई-दिल्लीच्या गल्ल्यांत हेरॉइन पसरू लागलं होतं. हेरॉइनही मॉर्फिनपासूनच बनतं. सरकारने काहीतरी कडक करावं, ही मागणी स्वाभाविक होती.

घड्याळ लावून दिलेलं औषध

दरम्यान लंडनमध्ये वेगळंच काहीतरी घडत होतं.

मॉर्फिन हे काही नवं औषध नव्हतं. फ्रीडरिश झेर्ट्युर्नर नावाच्या तरुण जर्मन औषधविक्याच्या सहायकाने ते १८०५च्या सुमारास अफूतून वेगळं काढलं आणि ग्रीक स्वप्नदेव मॉर्फिअसचं नाव त्याला दिलं. पण पुढची दीडशे वर्षं डॉक्टर ते हात आखडूनच वापरत राहिले. पेशंट सहन करेनासा झाला की एक इंजेक्शन, मग पुन्हा ओरडेपर्यंत थांबायचं. पेशंट पुढच्या डोसची वाट बघत राही आणि लोक म्हणत, बघा, याला चटक लागली.

सिसिली सॉन्डर्स या बाईंनी हे चक्र तोडलं. त्या आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं, तेव्हा हॉस्पिटलमधल्या समाजसेविका झाल्या. १९४८ साली वॉर्सातून आलेला डेव्हिड टास्मा हा निर्वासित त्यांच्या देखरेखीखाली कॅन्सरने गेला. जाताना त्याने त्यांच्या मनातल्या नव्या घरासाठी ५०० पौंड ठेवले. तिशी उलटल्यावर त्या वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. कारण नर्सचं किंवा समाजसेविकेचं म्हणणं डॉक्टरांच्या कानापर्यंत पोचत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

लंडनच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी शेकडो पेशंटच्या नोंदी ठेवल्या. पद्धत साधी होती. दुखायची वाट बघायची नाही. ठरलेल्या तासांनी, तोंडावाटे, दुखणं पुन्हा डोकं वर काढायच्या आतच पुढचा डोस. असं दिलं की पेशंट गुंगीत पडून राहत नाही. तो जेवतो, पत्र लिहितो, नातवंडांशी बोलतो. औषधाची वाट बघत बसायचं कारणच उरत नाही, त्यामुळे ज्याला लोक चटक म्हणत तीही दिसत नाही. १९६७ मध्ये त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. टास्माच्या पैशांची आठवण म्हणून तिथे एक खिडकी आहे.

सॉन्डर्स यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. वेदना फक्त गाठीत नसते. मुलीचं लग्न राहिलंय, नोकरी गेली, घरचे खरं सांगत नाहीत, देवाने मलाच का निवडलं, हे सगळं त्या दुखण्यात मिसळलेलं असतं. त्यामुळे नुसती गोळी पुरत नाही. पण गोळीच दिली नाही, तर बाकीचं बोलायला माणूस शुद्धीवर राहत नाही.

दोन वर्षांतल्या तीन घटना

आता १९८५ आणि १९८६ ही दोन वर्षं शेजारी ठेवून बघू.

१९८५च्या पावसाळी अधिवेशनात संसदेने अंमली पदार्थविरोधी कायदा मंजूर केला. तोच एनडीपीएस कायदा, जो आज सेलिब्रिटींच्या अटकेच्या बातम्यांमुळे आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. विधेयक मांडण्यापासून राष्ट्रपतींची सही होईपर्यंत काही आठवडेच गेले. त्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान १० वर्षं तुरुंगवास होता.

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनांवरची एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यात तीन पायऱ्यांची शिडी होती. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी औषधं, मध्यम दुखण्याला कोडीनसारखी, आणि तीव्र दुखण्याला मॉर्फिन. सॉन्डर्स यांची पद्धत आता जगभरच्या साध्या डॉक्टरला वापरता येईल अशी झाली होती. त्यासाठी महागडं मशीन लागत नव्हतं.

आणि त्याच १९८६ मध्ये वांद्र्याला, माउंट मेरीजवळ, भारतातलं पहिलं हॉस्पिस उघडलं. टाटा मेमोरियलमधले सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी सुरू केलेलं शांती आवेदना. ज्यांच्यावर आता उपचार चालणार नाहीत असं सांगून घरी पाठवलं जाई, त्यांची इथे मोफत काळजी घेतली जाऊ लागली. पुढे गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र झालं.

म्हणजे कसं दुखणं थांबवायचं ते जगाला कळलं, ते करणारी जागा मुंबईत उघडली, आणि नेमकं तेव्हाच औषधाच्या दाराला कुलूप लागलं.

चार परवाने, चार तारखा

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. १९८५च्या कायद्याने मॉर्फिनच्या वैद्यकीय वापरावर बंदी घातली नव्हती. वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी सूट होती. पण त्या सुटीचे नियम करण्याचं काम राज्यांकडे गेलं आणि प्रत्येक राज्याने आपापले नियम केले.

कल्पना करा, तुम्ही एका छोट्या हॉस्पिटलचे डॉक्टर आहात. मॉर्फिनच्या गोळ्या दुसऱ्या राज्यातून येणार आहेत. मग माल जवळ ठेवायचा परवाना हवा. आपल्या राज्यात आणण्याचा हवा. त्या राज्यातून बाहेर पाठवण्याचा हवा. वाहतुकीचा हवा. यातले काही उत्पादन शुल्क खात्याकडे, म्हणजे दारूचे परवाने देणाऱ्या खात्याकडे, तर काही औषध प्रशासनाकडे. आणि हे सगळे परवाने एकाच वेळी चालू असले पाहिजेत. चौथा हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असायची. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्यात नोंदवहीत चार गोळ्यांचा हिशोब चुकला तर? फार्मासिस्टच्या डोळ्यांसमोर १० वर्षं उभी राहत. कुठलाही शहाणा माणूस जे करेल तेच दुकानदारांनी केलं. त्यांनी मॉर्फिन ठेवणं बंद केलं. हॉस्पिटलांनी मागवणं बंद केलं. डॉक्टरांनी लिहिणं बंद केलं. आणि मेडिकल कॉलेजांनी शिकवणंही जवळपास सोडून दिलं.

१९८५ नंतरच्या १२ वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे तर ओलंच जळालं, कारण गल्लीतलं हेरॉइन काही हॉस्पिटलच्या कपाटातून येत नव्हतं.

याचा अर्थ माणसांच्या भाषेत असा, की विदर्भातून परळला आलेल्या पेशंटला टाटामध्ये आठ-पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळायच्या. गावी गेल्यावर त्या संपायच्या. जिल्ह्याच्या ठिकाणी एकाही दुकानात ते औषध नसायचं. मग घरच्या कुणीतरी पुन्हा रात्रीची गाडी पकडायची, नाहीतर पेशंटने सोसायचं. मराठीत सोसण्याला आपण फार मोठेपण दिलंय. माणूस गेल्यावर म्हणतो, किती सोसलं बिचारीने, पण तोंडातून ब्र काढला नाही. तिला सोसायला लागण्याचं कारणच नव्हतं, हे कुणी त्या घराला सांगितलेलं नसायचं.

कोळिकोडचा दवाखाना

बदल सुरू झाला तो दिल्लीतून नाही, केरळातून.

कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल भूलतज्ज्ञ होते. जिभेच्या कॅन्सरने हैराण झालेल्या एका प्राध्यापकांची गोष्ट त्यांनी अनेकदा सांगितली आहे. इंजेक्शनने मज्जातंतू बधिर करून त्यांनी त्यांचं दुखणं थांबवलं. पेशंटने विचारलं, पुन्हा कधी येऊ? डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही, हा उपचार फक्त वेदनेसाठी होता. आपला आजार बरा होणार नाही, हे त्या माणसाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. घरी जाऊन त्यांनी आयुष्य संपवलं. राजगोपाल यांना उमगलं, की आपण एक मज्जातंतू बधिर केला आणि माणसाला विचारलंच नाही.

१९९३ मध्ये त्यांनी डॉ. सुरेश कुमार आणि इतर सहकाऱ्यांबरोबर कोळिकोडला वेदनामुक्तीची संस्था काढली. मेडिकल कॉलेजातच एक छोटा दवाखाना, हाताशी स्वयंसेवक. विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त शिक्षक असे लोक पेशंटशी बोलत, जखमा कशा धुवायच्या ते घरच्यांना शिकवत. मॉर्फिनच्या गोळ्या पेशंटला घरी नेऊ दिल्या जात, कारण चार तासांनी घ्यायचं औषध हॉस्पिटलात येऊन कोण घेणार?

सरकारची शंका हीच होती, की घरी दिलेल्या गोळ्या बाजारात जातील. म्हणून त्यांनी नोंदी ठेवल्या. दोन वर्षांत सतराशेहून अधिक पेशंटना घरी मॉर्फिन दिलं, आणि गैरवापराचं एकही प्रकरण आढळलं नाही. २००१ मध्ये हे आकडे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. भीतीला उत्तर म्हणून त्यांच्या हातात हिशोबाची वही होती.

पुढे मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावचे लोक एकत्र येऊन अशी केंद्रं चालवू लागले. २००८ मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं धोरण जाहीर केलं. असं धोरण करणारं ते देशातलं पहिलं राज्य. महाराष्ट्रातही काम उभं राहत होतं. टाटा मेमोरियलमध्ये १९९६ मध्ये पॅलिएटिव्ह केअर सुरू झाली आणि १९९७ मध्ये पुण्याजवळ वारज्याला सिप्लाचं केंद्र उघडलं.

पंधराव्या लोकसभेचे शेवटचे दिवस

कायद्याशी झगडा वेगळा चालू होता. १९९८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर एक जनहित याचिका आली. करणारे स्वतः औषधशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांच्या आईला स्तनांचा कॅन्सर होता आणि औषधांतलं सगळं कळणाऱ्या मुलालाही आईसाठी मॉर्फिन मिळत नव्हतं. त्याच वर्षी केंद्राने राज्यांना नियम सोपे करायला सांगितलं. काहींनी केले, बऱ्याच ठिकाणी फाइल जागेवरच राहिली.

शेवटी केंद्राचा कायदाच बदलायला हवा, हे स्पष्ट झालं. डॉक्टर, वकील, पेशंटचे नातेवाईक वर्षानुवर्षं अर्थ मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत राहिले. हा कायदा आरोग्य खात्याकडे नव्हता, अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे होता, यातच बरंच काही आलं.

फेब्रुवारी २०१४. पंधराव्या लोकसभेचं शेवटचं अधिवेशन. तेलंगणाच्या विधेयकावरून सभागृहात कमालीचा गदारोळ. त्या गोंधळात, अगदी शेवटच्या दोन दिवसांत, एनडीपीएस दुरुस्ती विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. फारशी चर्चा नाही, मोठी बातमी नाही. १ मे २०१४ पासून ते लागू झालं. मॉर्फिनसह काही औषधं 'अत्यावश्यक' ठरली. अनेक परवान्यांच्या जागी, मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. १९८५ पासून त्याला २८ वर्षांहून जास्त काळ लागला.

पण अमेरिकेचं काय?

तुमच्यातले काहीजण एव्हाना मनात म्हणत असतील, नेटफ्लिक्सवर तर उलटंच बघितलंय. तिथे अशाच गोळ्यांनी हजारो माणसं मेली.

बरोबर आहे. १९९६ मध्ये पर्ड्यू या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली आणि तिच्या व्यसनाचा धोका कमी असल्याचं डॉक्टरांना पटवलं. पाठदुखी, गुडघेदुखीसारख्या वर्षानुवर्षांच्या दुखण्यांसाठी ती भरमसाट लिहिली गेली. २००७ मध्ये दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीने कोर्टात कबूल केला.

म्हणजे जास्त सैल सोडलं तर काय होतं ते अमेरिकेत दिसलं, आणि जास्त आवळलं तर काय होतं ते भारतात दिसलं. आवळल्यावर होणारं नुकसान आकड्यांत येत नाही, एवढाच फरक. ओव्हरडोसने गेलेल्याची नोंद होते. खाटेवर तळमळत गेलेल्याच्या दाखल्यावर फक्त कॅन्सर लिहिलेलं असतं. कोळिकोडने मधला रस्ता दाखवला. शिकलेला डॉक्टर, नेमका पेशंट, नीट नोंद आणि घरी जाऊन चौकशी करणारं माणूस.

दार उघडलं, पुढे काय?

कायदा बदलून दशक उलटलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'च्या एका आयोगाने हिशोब मांडला, तेव्हा भारतात गरजेच्या सुमारे ४ टक्केच मॉर्फिन पोचत होतं. कुलूप निघालं तरी दार ढकलायला माणसं हवीत. एमबीबीएसच्या पाच वर्षांत ज्यांनी मॉर्फिनची चिठ्ठी कधी लिहिली नाही, ते डॉक्टर आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. अनेक जिल्ह्यांत मान्यता घेतलेलं हॉस्पिटलच दूर आहे. ही मान्यता मिळते, पण कुणीतरी अर्ज करावा लागतो.

दुसरा अडथळा शब्दाचा आहे. पॅलिएटिव्ह म्हटलं की घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. पण २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या काही पेशंटना सुरुवातीपासूनच, केमोबरोबर, ही सेवा दिली गेली. त्यांचं जगणं सुसह्य तर झालंच, शिवाय ते सरासरीने जास्त जगले. ही सेवा पहिल्या दिवसापासून मागता येते.

आणि ती उपचार संपल्यावरही लागते. केमोनंतर तळपायांना होणारी जळजळ, स्तनाच्या ऑपरेशननंतर सुजणारा हात, तोंडाच्या कॅन्सरनंतर न उघडणारा जबडा. कॅन्सर गेला, रिपोर्ट चांगला आला, नातेवाईक पेढे वाटून मोकळे झाले, तरी हे दुखणं मागे राहतं. त्यावर मॉर्फिन हे बहुतेकदा उत्तर नसतं. वेगळी औषधं असतात, फिजिओथेरपी असते. पण विचारलंच नाही तर तेही मिळत नाही, आणि जीव वाचला ना, मग कुरकुर कशाला, असं म्हणून पेशंटच गप्प बसतो.

म्हणून घरात कुणी या आजारातून जात असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटला तुम्ही सोबत जा. रिपोर्टची फाइल दाखवून झाली की डॉक्टरांना सांगा, शून्य ते दहामध्ये यांचं दुखणं आज किती आहे. ते कमी करण्यासाठी काय देता येईल आणि ते आपल्या गावात कुठे मिळेल, हेही विचारा. मॉर्फिन सुरू झालं तर सोबत पोट साफ राहण्याचं औषध आहे ना, ते बघा, कारण बद्धकोष्ठतेला कंटाळून बरेच जण गोळी सोडतात. ती मनाने बंद किंवा कमी-जास्त करू नका, डॉक्टर सांगतील तशीच हळूहळू करा.

नीमचचा शेतकरी दरवर्षी आपला चीक तोलून देतो. त्यातला आपला वाटा मागायला अजून पुरेशी माणसं आलेली नाहीत.